पाणवेली नांदूरमध्यमेश्वरपर्यंत कशा आल्या

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे इंग्रजांच्या काळात, 1907 च्या सुमारास, दगडी बंधाऱ्याचं काम सुरू झालं. दारणा धरणातून सोडलेलं पाणी इथे अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी खाली कोपरगाव, राहात्याकडच्या शेतीला द्यायचं, एवढाच हेतू होता. पक्ष्यांचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. पण दोन्ही नद्यांचा गाळ बंधाऱ्यामागे साठत गेला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, काठाला पाणकणीस माजलं आणि हिवाळ्यात उत्तरेकडची बदकं इथे उतरू लागली. 1986 मध्ये नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य झालं. जानेवारी 2020 मध्ये त्याचा समावेश रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, झाल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ. या जागेला असलेल्या धोक्यांमध्ये रामसरच्या माहितीतच परक्या पाणवनस्पतींचं नाव आहे.

ज्या उथळ, गाळाच्या पाण्याने पक्षी आणले, त्याच पाण्यात पाणवेलींनाही, म्हणजे जलपर्णीलाही, मोकळं रान मिळालं. खांगाव थडी, चापडगाव, मांजरगाव या काठच्या गावांना हा प्रश्न नवा नाही. मच्छीमाराचं जाळं अडकतं, होडी पुढे सरकत नाही, दाट थराखाली प्राणवायू कमी होऊन मासे तडफडतात, काठावर डास वाढतात. मग माणसं जमवून, दोर-बांबू घेऊन पाण्यात उतरायचं, दोन-चार दिवस घाम गाळायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. या श्रमांची मला मनापासून कदर आहे. म्हणूनच ते वाया का जातात हे मुळापासून समजून घ्यायला हवं.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या फुलांच्या तुऱ्यावर भाळून लोकांनी ती बागांमधल्या हौदांसाठी जगभर नेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात पोचली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथल्या नद्या, खाड्या, भातखाचरं तिने भरून टाकली. 1921 मध्ये सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1936 मध्ये बंगालने पाणवेलींविरुद्ध खास कायदा केला: आपल्या जमिनीत, आपल्या पाण्यात त्या वाढू देणं हाच गुन्हा. 1937 च्या निवडणुकीत तर बंगाल पाणवेलीमुक्त करण्याचं वचन पक्षांच्या जाहीरनाम्यांत होतं. फझलुल हक यांचं सरकार आल्यावर मोहीम खरंच उभी राहिली आणि 1939 मध्ये गावोगाव ‘पाणवेली सप्ताह’ पाळला गेला. काढलेल्या वेली शेतात खत म्हणून गेल्या, त्यामुळे शेतकऱ्यालाही त्यात रस राहिला. मला या मोहिमेतलं एकच सूत्र नाशिकसाठी मोलाचं वाटतं. एका गावाने काढायच्या आणि वरच्या गावाने वाढू द्यायच्या, असं तिथे चालणार नव्हतं. सगळ्यांनी एकाच वेळी उतरायचं होतं.

एक वेल हातात घेऊन पाहिली की ती इतकी चिवट का, हे लगेच कळतं. देठाच्या बुडाशी फुगीर, स्पंजासारखा भाग असतो. दाबला की हवा निघते. त्यावर ती तरंगते. खाली काळपट, पिसांसारख्या मुळांचा झुपका लोंबत असतो, त्यात गाळ आणि गोगलगायी अडकलेल्या असतात. बाजूने एक आडवा धुमारा निघतो, त्याच्या टोकाला नवं रोप, त्या रोपाला पुन्हा धुमारा. ऊब आणि खाद्य मिळालं की पंधरवड्यात हा पसारा दुप्पट होऊ शकतो. धुमारा तुटला तर रोप मरत नाही, सुटं होऊन वाहत जातं आणि दुसरीकडे संसार मांडतं. याशिवाय फुलं येऊन गेली की बी पाण्यात पडतं, तळाच्या गाळात रुततं आणि पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतं.

आता हे नांदूरमध्यमेश्वरला लावून पाहा. तळाशी शतकभराचा गाळ आहे. उन्हाळ्यात शेतीचं आवर्तन सुटलं की पाण्याची पातळी खाली जाते, चिखल उघडा पडतो, त्याला ऊन लागतं. बी रुजायला हेच हवं असतं. मग पाणी परत चढतं आणि कोवळी रोपं सुटून तरंगू लागतात. वरचा हिरवा थर संपूर्ण काढला तरी तळघरातलं कोठार भरलेलंच असतं.

आणि वरून येणारा पुरवठा वेगळाच. गंगापूर धरणापासून नाशिक शहरापर्यंत येणाऱ्या गोदावरीत आणि तपोवनाच्या पुढच्या गोदावरीत फरक डोळ्यांना दिसतो. शहरातलं सांडपाणी, नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांतून येणारं पाणी, मलनिस्सारण केंद्रांतून सोडलेलं पाणी असं सगळं घेऊन नदी टाकळी, दसक-पंचकवरून एकलहऱ्याकडे जाते. तिथे औष्णिक वीज केंद्रासाठी बंधारा आहे. पाणी संथ होतं आणि पाणवेली दाट होतात. वालदेवी नदीचं पाणी चेहेडीजवळ दारणेत मिसळतं आणि दारणा पुढे गोदावरीत. म्हणजे अर्ध्या नाशिकचा निचरा दोन वाटांनी शेवटी त्याच पाणपसाऱ्यात पोचतो. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की हे हिरवे तराफे सुटतात, सायखेडा-चांदोरीच्या पुलाला अडकतात, पाण्याचा फुगवटा वाढेल या धास्तीने गावकऱ्यांची झोप उडते. ऑगस्ट 2019 च्या पुरात ही दोन्ही गावं पाण्याखाली गेली होती, त्यामुळे ती धास्ती अनाठायी नाही. पूर ओसरला की शहराला नदी स्वच्छ दिसते. वेली खाली गेलेल्या असतात.

गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न नाशिककरांनी न्यायालयात नेला तो 2012 मध्ये. गोदावरी गटारीकरण विरोधी मंचाच्या कार्यकर्त्यांची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली आणि नदीत जाणारं सांडपाणी हा विषय महापालिकेला टाळता येईनासा झाला. नागरिकांच्या या लढ्याचं श्रेय मोठं आहे. जुनी मलनिस्सारण केंद्रं बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) 30 च्या हिशेबाने बांधलेली होती, आता निकष 10 चा आला आहे आणि त्यासाठी केंद्रांचं अद्ययावतीकरण हाती घेतलं गेलं. मात्र पाणवेलींच्या दृष्टीने एक गोष्ट यात हातातून निसटते. बीओडीत मोजली जाते ती फक्त सेंद्रिय घाण. पाणवेली वाढतात त्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर, आणि हे दोन्ही साध्या प्रक्रियेनंतर बऱ्याच प्रमाणात पाण्यात तसेच उरतात. म्हणून ‘प्रक्रिया केलेलं’ पाणी वासाला बरं असलं तरी पाणवेलींना ते खतपाणीच. घरातला साबण, मैला, काठच्या द्राक्षबागा आणि उसाच्या शेतांतून वाहून येणारी खतं, सगळ्यांचा यात वाटा आहे.

श्रमदानाने वेली काढण्याचंही एक शास्त्र आहे. ओल्या वेलीत 90 टक्क्यांहून अधिक पाणी असतं आणि दाट थर असेल तर एका हेक्टरवर दोनशे टनांपेक्षा जास्त माल निघतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन-चार टन धरले तरी पन्नास-साठ खेपा झाल्या. म्हणून जाणती माणसं सरसकट उपसत नाहीत. आधी दोर टाकून तुकडा वेगळा करतात, वाऱ्याची दिशा बघून तो काठाकडे ढकलत नेतात, मग आकडीने ओढून बाहेर घेतात. काठावर लगेच ढीग लावला तर पहिल्या पुरात तो परत नदीत. पूररेषेच्या वर नेऊन पसरला, वाळला, की त्याचं वजन एकदम उतरतं. काम करायचं ते फुलं धरायच्या आधी. आणि शेवटची चार रोपंसुद्धा सोडायची नाहीत, कारण पुढचा थर त्यांच्यापासूनच होतो. मोठी यंत्रं ढिगाने माल उचलतात, पण कडेकपारीतली ही चार रोपं होडीतल्या माणसालाच दिसतात.

खताचा मोह इथे जपून धरायला हवा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींचं पाणी या नद्यांत मिसळत आलं आहे आणि पाणवेल जड धातू शोषून घेते. तपासणीशिवाय ते कंपोस्ट भाजीपाल्याला घालू नये. तणनाशकाचा फवारा हा मार्ग तर नाहीच: हे पाणी शेतीला जातं, माणसं आणि गुरं ते वापरतात, आणि फवारून मेलेला थर तिथेच कुजला तर उरलासुरला प्राणवायूही जातो.

पक्ष्यांचं म्हणणंही ऐकावं लागतं. कमळपक्षी तरंगत्या पानांवर चालतो, पावसाळ्यात तिथेच अंडी घालतो. जांभळी पाणकोंबडी अशा दाटीत वावरते. उलट तलवार बदक, थापट्या, चक्रवाक यांना हिवाळ्यात मोकळं पाणी लागतं. तेव्हा सफाई फेब्रुवारी ते मे या काळात, वन विभागाला सोबत घेऊन आणि टप्प्याटप्प्याने व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

जैविक उपायाचा अनुभव देशात आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने परदेशातून निओचेटिना वंशातल्या दोन जातींचे भुंगे आणले, ते फक्त पाणवेलच खातात याची खात्री करून सोडले. बंगळूरच्या काही तलावांत आणि मणिपूरच्या लोकटाक सरोवरात त्यांनी वेली आटोक्यात आणल्या. पानांवर ओरखडल्यासारखे डाग दिसतात ते प्रौढ भुंग्यांचे. अळ्या देठ पोखरतात आणि वेल पाणी शिरून बुडते. पण याला काही वर्षं लागतात, पाणी साचलेलं असावं लागतं आणि दर पावसाळ्यात पूर आला तर वेलींबरोबर भुंगेही वाहून जातात. खाद्य भरपूर असलेल्या पाण्यात वेलीच भुंग्यांपेक्षा वेगाने वाढतात. म्हणजे हा उपायही सांडपाण्यापाशीच येऊन थांबतो.

2027 च्या सिंहस्थासाठी गोदावरीच्या शुद्धीकरणाची चर्चा जोरात आहे आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांची नजर रामकुंड आणि तपोवनावर आहे. काठच्या गावांची मागणी याच वेळी पुढे यायला हवी: प्रत्येक मलनिस्सारण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस मोजून दर महिन्याला जाहीर करा, आणि सफाईचं वेळापत्रक शहर, एकलहरे, सायखेडा, चांदोरी व अभयारण्य मिळून एकच ठरवा, वरून खाली या क्रमाने.