भुलीचा गॅस: जोर वेगळा, वेग वेगळा

‘डेसफ्लुरेन स्ट्राँग आहे, पेशंट बघा किती पटकन जागा होतो.’ हे वाक्य विद्यार्थी म्हणतात, ऑपरेशन थिएटरमध्येही कानावर पडतं, आणि ते साफ चूक आहे. भूल देण्यासाठी आज वापरात असलेल्या, श्वासातून द्यायच्या बाष्पांमध्ये सर्वांत कमी जोराचं औषध डेसफ्लुरेनच आहे. ते झटपट उतरतं, ही गोष्ट निराळी.

जोर मॅकवरून (मिनिमम अल्व्हिओलर कॉन्सन्ट्रेशन) कळतो, आणि मॅक बहुतेकांना पाठ असतो. त्वचेला छेद दिल्यावर निम्मे रुग्ण हलत नाहीत, तेव्हाचं वायुकोशांतलं, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतलं, औषधाचं प्रमाण. हॅलोथेन ०.७५ टक्के, आयसोफ्लुरेन सुमारे १.२, सेवोफ्लुरेन २, डेसफ्लुरेन ६. आकडा वाढला की जोर घटला. तेलात जास्त विरघळणारं औषध जास्त जोराचं, हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

घोटाळा होतो तो वेगाचा. ‘रक्तात चांगलं विरघळतं, म्हणजे मेंदूत लवकर पोचणार’ असं मनाला पटकन पटतं. प्रत्यक्षात नेमकं उलट घडतं. मेंदूवर काम करतो तो औषधाचा आंशिक दाब, म्हणजे मिश्रणातला त्याचा एकट्याचा दाब. रक्तात किती साठा विरघळला आहे, याला तिथे किंमत नाही. ईथरचा रक्त-वायू गुणांक सुमारे १२. म्हणजे दाब सारखा होईपर्यंत रक्त वायुकोशातल्या हवेच्या बारापट ईथर पोटात घेतं. श्वासागणिक आलेलं औषध रक्त ओढून नेतं, वायुकोशातला दाब रेंगाळतो, आणि मेंदूतला दाबही त्याच्या मागे रेंगाळतो. डेसफ्लुरेनचा गुणांक ०.४२. रक्त फारसं काही घेतच नाही, त्यामुळे वायुकोशातला दाब भराभर चढतो, पाठोपाठ मेंदूतलाही. उतरतानाही हाच हिशोब.

तरीही शंका असेल तर नायट्रस ऑक्साइडकडे पाहा. गुणांक ०.४७, म्हणजे अत्यंत वेगवान. मॅक मात्र १०४ टक्के, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाला शंभर टक्के दिला तरी एक मॅक गाठत नाही. हॅलोथेन याच्या दुसऱ्या टोकाला: जोर भरपूर, पण गुणांक सुमारे २.४, म्हणून चढायला आणि उतरायला वेळ.

हे परीक्षेपुरतं नाही. घाबरलेल्या रुग्णाचं हृदय जास्त रक्त फेकतं, ते रक्त फुप्फुसातून औषध वाहून नेतं, आणि भूल चढायला उशीर होतो. शॉकमधल्या रुग्णात रक्तप्रवाह मंदावलेला असतो, म्हणून वायुकोशातला दाब झपाट्याने वाढतो आणि आधीच खालावलेला रक्तदाब आणखी कोसळू शकतो. औषध जितकं विद्राव्य, तितका हा फरक मोठा. ज्याचं सूत्र उलटं पाठ आहे, तो इथे नेमका उलटा निर्णय घेईल.

वेग हाच निकष मानणंही मला मान्य नाही. डेसफ्लुरेन श्वासमार्गाला झोंबतं, खोकला आणि स्वरयंत्राचं आकुंचन आणतं. लहान मुलाला मास्कने भूल द्यायची तर सेवोफ्लुरेनच.

रक्तदाब घटणं, श्वास उथळ होणं हे परिणाम या सगळ्याच बाष्पांचे, आणि ते मात्रेनुसार वाढतात. त्यांची तुलना भुलीच्या यंत्राच्या डायलवरच्या टक्क्यांनी मात्र करू नका. दोन टक्के सेवोफ्लुरेन म्हणजे एक मॅक. दोन टक्के आयसोफ्लुरेन म्हणजे दीडपटीहून जास्त. त्यात रक्तदाब जास्त उतरला, तर दोष औषधाला देण्याआधी मात्रा समान करा.