पार्श्वभूमी : इनटेकचा आवाज आणि ‘थंड हवे’चा घोळ

‘कोल्ड एअर बसवलंय’ असं म्हणत गाडीवाला हौसेने बॉनेट उघडतो, आणि आत इंजिनाच्या कुशीला, तापलेल्या हवेत, शंकूच्या आकाराचा एक उघडा ‘कोन’ फिल्टर बसलेला असतो. थंड हवेशी त्याचा संबंध एवढाच की तो ज्या खोक्यातून आला त्यावर तसं छापलं होतं. बडोद्यात अलकापुरीपासून जुन्या पाद्रा रोडपर्यंत रात्री ज्या गाड्यांचा घसा ऐकू येतो, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत हाच प्रकार आहे. आवाज मात्र खरा असतो. नाव थंड हवेचं आणि मिळकत आवाजाची, ही फारकत कशी झाली त्याची ही पार्श्वभूमी. सायलेन्सर कापण्याचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे, तो इथे घेतलेला नाही.

आधी आवाजाविषयी थोडं. इनटेक म्हणजे फिल्टरपासून इंजिनापर्यंत हवा आत नेणारी वाट. इनलेट व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडर हवा खेचतो. तो मिटला की मागून धावत आलेली हवा त्यावर आपटते. हे धक्के पाइपातून उलटे बाहेर येतात. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असताना असे धक्के सेकंदाला २०० बसतात, सहा सिलिंडरचं ८,००० वर गेलं की ४००. वाटेत थ्रॉटलची चकती असते. पाय हलका असला की ती जवळजवळ मिटलेली, त्यामुळे आवाज आतच कोंडतो. पाय दाबला की दार उघडतं आणि इंजिन ओरडतं. सायलेन्सरचा आवाज शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जातो, इनटेकचा चालवणाऱ्याच्या पायाशी बांधलेला असतो. स्पोर्ट्स कारची खरी मजा या दुसऱ्या आवाजात आहे असं माझं मत, आणि पहिल्याच्या दंग्यापायी दुसराही विनाकारण बदनाम झाला आहे.

जुन्या काळी हा आवाज कुणी विकत घेत नव्हतं, तो गाडीबरोबर येत होता. १९२० च्या दशकातल्या सुपरचार्जरवाल्या जर्मन गाड्या पाय पुरता दाबला की किंकाळी फोडत. पुढे शर्यतीच्या इटालियन गाड्यांत कार्बोरेटरच्या तोंडावर नुसते कर्णे, फिल्टर नाहीच. शर्यतीचं इंजिन काही दिवसांनी उघडायचंच असतं, त्यामुळे धूळ गेली तरी चालून जाई. रोजच्या गाडीला ते परवडणारं नव्हतं. आपल्याकडे ॲम्बॅसडरच्या पिढीने पत्र्याच्या भांड्यातला, हवा तेलावरून गाळणारा फिल्टर पाहिला; त्याच्या आवाजावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता तो शब्द. ‘कोल्ड एअर’ जन्मला १९६० च्या दशकातल्या अमेरिकेत, आणि तिथे तो अगदी प्रामाणिक होता. तेव्हाच्या मोठ्या व्ही-८ गाड्यांचा एअर क्लीनर म्हणजे कार्बोरेटरवर पालथी घातलेली पत्र्याची परात. बहुतेक गाड्यांत ती बॉनेटखालचीच भाजकी हवा ओढायची. त्यामुळे बाहेरची हवा आत आणून देणं ही खरीखुरी सुधारणा होती. १९६६ मध्ये ओल्ड्समोबिलच्या ‘४४२’ या गाडीच्या डब्ल्यू-३० पॅकेजात पुढच्या बंपरपासून जाडजूड होज इंजिनापर्यंत आणले, आणि त्यांना जागा हवी म्हणून बॅटरी उचलून डिकीत नेली. १९६९ च्या मस्टँगमध्ये हवेचं नाक थेट इंजिनावर बसवलं आणि त्यासाठी बॉनेटला भोक पाडलं. इंजिन थरथरलं की नाकही थरथरे, म्हणून त्याचं नाव शेकर.

यामागचा हिशेब सोपा आहे. हवा १० अंशांनी तापली की साधारण ३ टक्के विरळ होते आणि जवळपास तेवढीच ताकद जाते. मे महिन्यात बडोद्यात बाहेर ४२ अंश आणि रहदारीत अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली ६० च्या वर. वीसच अंशांचा फरक धरला तरी ६ टक्के. १०० बीएचपीच्या गाडीतले सहा घोडे काळा घोडा सर्कलच्या सिग्नलवरच सुटून गेले म्हणायचे.

मग चित्र उलटं झालं. फ्युएल इंजेक्शन आलं, बॉनेटखाली जागा आखून वापरली जाऊ लागली, आणि कंपन्या स्वतःच हवा बाहेरून घेऊ लागल्या. १९९० नंतरची साधी कौटुंबिक गाडी उघडून बघा. फिल्टरचा डबा बंद असतो, त्याला एक नळी असते, आणि नळीचं तोंड पुढच्या जाळीमागे किंवा फेंडरच्या आत नेलेलं असतं. म्हणजे कोल्ड एअर इनटेक कंपनीनेच बसवून दिलेला आहे. बाहेरचं किट घेणारा तो पैसे मोजून काढतो आणि त्या जागी साठ वर्षांपूर्वीची परात परत आणतो, फक्त आकार कोनाचा. शब्द जिथल्या तिथे राहिला आणि वस्तू त्याच्याखालून सरकली.

त्याच दशकात अमेरिकेत छोट्या जपानी गाड्यांची हौस वाढली आणि किटांचे दोन प्रकार झाले. आखूड पाइप आणि इंजिनाशेजारी कोन, त्याला म्हणायचं शॉर्ट रॅम. लांब पाइप आणि खाली बंपरच्या पोटात कोन, तो खरा कोल्ड एअर. दुकानात मात्र दोन्ही एकाच नावाने विकले जाऊ लागले. त्यात ‘रॅम’ या शब्दाने वेगळीच धूळ उडवली. गाडीच्या वेगाने हवा आत ठासली जाते, असा त्यातला दावा. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या हवेचा जादा दाब वातावरणाच्या अर्धा टक्काही भरत नाही. २०० ला तो २ टक्क्यांच्या आतच राहतो. आपल्या अहमदाबाद एक्सप्रेसवेवर मर्यादाच १०० ची आहे. आणि आखूड पाइपाच्या शॉर्ट रॅमला समोरची हवा मुळात लागतच नाही! जाहिरातीतली ताकद बहुतेकदा डायनो या ताकद मोजण्याच्या यंत्रावर, बॉनेट उघडं ठेवून आणि समोर पंखा लावून मोजलेली असते. बॉनेट उघडं टाकून गाडी चालवणारा मी अजून पाहिलेला नाही.

मग आवाज कशाने वाढतो? काढून टाकलेल्या वस्तूंनी. कंपनीच्या डब्याला आणि नळीला अधूनमधून पोकळ फुगवटे जोडलेले असतात, ते रेझोनेटर. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकाच सुरात घुमते; तसाच हा फुगवटा एका ठरावीक सुराला जुळवलेला असतो आणि तो सूर गिळून टाकतो. नवख्याला तो प्लास्टिकचा निरुपयोगी भोपळा वाटतो. त्याच्यामागे नियम आहेत. युरोपात गाड्यांच्या आवाजाची मर्यादा १९७० मध्ये ८२ डेसिबल होती, १९९६ पर्यंत ती ७४ वर आली. आठ डेसिबल ऐकायला थोडे वाटतात, पण ध्वनीची ऊर्जा सहापटीहून अधिक घटवावी लागते. भारतात नव्या प्रवासी गाड्यांना ७४ ची मर्यादा एप्रिल २००५ पासून लागली. मोजणीची रीतही ध्यानात घ्यावी. गाडी ताशी ५० ने येते, ठरलेल्या रेषेवर चालक पाय पूर्ण दाबतो, आणि साडेसात मीटरवरचा माइक ऐकतो. म्हणजे इनटेक ज्या क्षणी सर्वांत जोरात ओरडतो तोच क्षण परीक्षेचा. भोपळे तिथून आले. किट बसवणारा ताकद विकत घेत नाही, परीक्षेसाठी बांधलेलं तोंड सोडवून घेतो. इथले गॅरेजवाले हे गुजरातीत सरळ सांगून मोकळे होतात, अवाज वधशे, पावर नहीं.

बडोद्यातला माझ्या माहितीचा काळ १९९६ नंतरचा. त्या वर्षी हालोलच्या कारखान्यातून ओपेल ॲस्ट्रा निघू लागली आणि दांडिया बाजारातल्या आमच्यासारख्या मराठी घरांतही मोठ्या इंजिनाच्या गप्पा सुरू झाल्या. २००० मध्ये होंडा सिटीची दीड लिटर व्हीटेक आली, १०६ बीएचपीची, आणि मग मुंबईहून येणाऱ्याच्या सामानात लाल कापडी जाळीचा फिल्टर येऊ लागला. तेल लावलेली सुती जाळी, धुऊन पुन्हा वापरायची. ‘के अँड एन टाकला’ हे त्या काळचं क्रियापद, मग फिल्टर कुठल्याही कंपनीचा असो. मूळ डबा ठेवून आतला कागदी फिल्टर तेवढा बदलायचा, ही तेव्हाची रीत. तिच्यात आवाज फारसा बदलत नसे, मालक मात्र बदलला असं शपथेवर सांगे. तेल जास्त झालं की ते हवा मोजणाऱ्या तापलेल्या तारेवर बसे, सेन्सर चुकीचं सांगू लागे आणि चेक लाइट पेटे. हा अनुभव इथे अनेकांच्या पदरी आहे, माझ्याही.

उघडा कोन मात्र गुजरातेत आणखी एका वाटेने आला, आणि ती वाट शौकिनांना आवडत नाही. सीएनजी. जुन्या सीएनजी किटमध्ये हवेच्या नळीतच गॅस मिसळणारा मिक्सर बसवत. इंजिन उलटं भडकलं की ज्योत फिल्टरच्या डब्यापर्यंत जाऊन डबा फुटे. नवा डबा महाग, म्हणून काही गॅरेजवाले त्या जागी स्वस्तातला कोन क्लॅम्पने आवळून देत. ती गाडी स्पोर्ट्स कारसारखी घोंगावत मांडवीत भाजी आणायला जाई.

यानंतर कंपन्यांनाच उमगलं की आपण जे गिळलं ते लोक बाहेरून विकत घेत आहेत. बीएमडब्ल्यूच्या २००३ च्या एम ३ सीएसएलमध्ये सहा सिलिंडरांना सहा वेगळे थ्रॉटल, वर कार्बन फायबरचा मोठा डबा आणि बंपरला एक गोल भोक होतं. अशा १,३८३ गाड्या झाल्या. इनटेकच्या आवाजाची चर्चा आजही तिथेच येऊन थांबते, आणि ते योग्यच आहे. तो डबा थंड हवाही आणतो आणि गातोही. शब्द आणि वस्तू पुन्हा एका जागी आलेली मला ठाऊक असलेली ही सर्वांत सुंदर गाडी. पुढची पायरी थोडी लबाडीची. माझदा एमएक्स-५ च्या २००९ च्या सुधारित आवृत्तीत आणि २०१२ च्या टोयोटा जीटी ८६ मध्ये इनटेकला एक फाटा जोडून, पडद्यावर कंप घेऊन, तो केबिनकडे वळवला. बाहेर नियमापुरतं शांत, आत हवं तेवढं गाणं. त्याच सुमाराच्या बीएमडब्ल्यू एम ५ ने तर आवाज स्पीकरवरच वाजवला. नळीतून आलेला आवाज निदान त्याच इंजिनाचा असतो, एवढं नळीच्या बाजूने म्हणता येईल.

टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा ठासणारा पंखा, आला आणि सूर बदलला. टर्बोच्या पात्यांतून जाताना धक्के चिरडले जातात, घोगरा स्वर जातो, शिट्टी आणि फुस्कारा उरतो. इथल्या पोरांना हवा असतो तो पाय सोडल्यावर येणारा ‘सुतुतुतु’. दाबलेली हवा कॉम्प्रेसरच्या पात्यांतून उलटी फिरण्याचा तो आवाज. मूळ डब्यात तो दबतो, उघड्या कोनात मोकळा होतो. फोक्सवॅगनच्या पोलो जीटीपासून व्हर्टसपर्यंतच्या दीड-दोन लाख किलोमीटर चालवायच्या घरगुती गाड्यांत आज कोन दिसतात ते मुख्यतः यासाठी. त्यात २०१८ नंतर युरोपातल्या पेट्रोल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळीचा फिल्टर आला आणि मागचा आवाज मंदावला. आवाजाच्या शौकिनाला पुढचं टोक तेवढं उरलं.

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या जानेवारीत केरळमधल्या एका प्रकरणावर देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाचा निकाल आला. कंपनीने नोंदणीसाठी दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही, असं त्यात आहे. बातम्यांत त्याचं ‘मॉडिफिकेशन बंद’ झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मात्र बदल म्हणजे रचनेतला असा फेर की ज्याने गाडीचं मूळ वैशिष्ट्य पालटतं. फिल्टरचा डबा आरसीवर लिहिलेला नसतो. तेव्हा तो यात बसतो का, यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंना आहेत. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद लागू झाली. आवाजाच्या मर्यादेचं कलम वेगळं. प्रत्यक्षात सायलेन्सर पकडला जातो, कारण तो दिसतो.

आणि ज्याला खरोखर कोल्ड एअर म्हणता येईल, लांब पाइपाचा, बंपरच्या पोटातला, त्याचं बडोद्यात विश्वामित्री नदीपुढे काही चालत नाही. ३१ जुलै २०१९ ला इथे एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी शहरात शिरली आणि मगरी सोसायट्यांच्या दारात आल्या. चार सिलिंडरच्या १,६०० सीसी इंजिनात पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा सिलिंडरमागे जेमतेम ४५ सीसी. कटिंग चहाच्या अर्ध्या पेल्याइतकं पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला जागा राहत नाही, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बसत नाही, इंजिनाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पाइपाचं तोंड बुडालं की वरूनच हवा घेणारा बायपास व्हॉल्व्ह पाइपात बसवण्याचा उपाय आहे, पण त्याचा फोम भिजून बुडाला की तोही पाणीच ओढतो.

म्हणून इथल्या जाणत्यांनी मूळ डबा भोपळ्यासकट माळ्यावर जपून ठेवलेला असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो खाली उतरतो, चार क्लॅम्प आणि एका पान्याचं काम. कोन धुऊन पिशवीत जातो आणि नवरात्राच्या सुमाराला परत बसतो.