प्राचीन डीएनए

प्राचीन डीएनए : मृत माणसे, प्राणी, वनस्पती व सूक्ष्मजीव यांच्या जुन्या अवशेषांत टिकून राहिलेला डीएनए, आणि तो वाचून भूतकाळाचा शोध घेणारी संशोधनशाखा. हाडे व दात हे त्याचे मुख्य स्रोत. शिवाय केस, दातांवरचे किटण, संग्रहालयातील कातडी आणि गुहांमधली मातीसुद्धा चालते. गेल्या पंधरावीस वर्षांत या शाखेने मानवी स्थलांतरे, साथीचे रोग, पाळीव प्राण्यांचा उगम अशा अनेक विषयांवरील जुनी पाठ्यपुस्तके बदलायला लावली. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतील स्वांते पेबो यांना २०२२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी.

रेणूची मोडतोड. जिवंत पेशीत डीएनएची डागडुजी अखंड चालू असते. मृत्यूनंतर ती थांबते. पेशीतलीच विकरे डीएनएचे तुकडे करू लागतात, पाठोपाठ जिवाणू येतात, आणि उरलेसुरले काम पाणी व उष्णता हळूहळू करतात. हजारो वर्षांपूर्वीच्या हाडातून हाती येणारे तुकडे बहुधा तीस ते सत्तर अक्षरांचे (डीएनएच्या साखळीतल्या एकेका घटकाला अक्षर म्हणतात) असतात. माणसाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएचा पूर्ण संच, सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा आहे. न्यूझीलंडमधील मोआ या नामशेष पक्ष्याच्या १५८ हाडांवरून २०१२ मध्ये या ऱ्हासाचा वेग मोजण्यात आला. सरासरी १३ अंश सेल्सियस तापमानात पडून असलेल्या त्या हाडांत २४२ अक्षरांचा ठरावीक तुकडा निम्म्यावर यायला ५२१ वर्षे लागत होती. तापमान वाढले की हा काळ झपाट्याने कमी होतो. म्हणूनच या शाखेतले सगळे विक्रम बर्फाळ प्रदेशांतले आहेत. सायबेरियातील मॅमथच्या दातांमधून दहा लाख वर्षांहून जुना डीएनए २०२१ मध्ये वाचला गेला, तर उत्तर ग्रीनलंडच्या गाळातून सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या झाडांचा व प्राण्यांचा डीएनए २०२२ मध्ये मिळाला.

ऱ्हासाची एक खूण मात्र संशोधकांना हवीहवीशी वाटते. तुकड्यांच्या टोकांशी असलेल्या सायटोसीन या अक्षराचे कालांतराने युरॅसिल होते आणि यंत्र ते थायमिन हे दुसरेच अक्षर म्हणून वाचते. नमुन्यातील तुकड्यांच्या टोकांना अशा ‘चुका’ ठरावीक प्रमाणात दिसल्या तर डीएनए खरोखर जुना आहे असे समजतात. टोके निर्दोष असली की संशय येतो, कारण तो डीएनए उत्खनन करणाऱ्याचा किंवा संग्रहालयात हाड हाताळणाऱ्याचाही असू शकतो.

फसलेले दावे. या शाखेची सुरुवात क्वागा या झेब्राच्या भाईबंदापासून झाली. शेवटचा क्वागा १८८३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. जर्मनीतील माइन्झच्या संग्रहालयात असलेल्या दुसऱ्या एका क्वागाच्या जुन्या कातडीला चिकटलेल्या स्नायूंतून १९८४ मध्ये बर्कली येथील ॲलन विल्सन यांच्या गटाने २२९ अक्षरे वाचली. पुढच्याच वर्षी पेबो यांनी इजिप्तमधील ममीचा डीएनए प्रसिद्ध केला. तो बहुधा आधुनिक माणसाचा होता, असे पुढे दिसून आले. १९९४ मध्ये तर आठ कोटी वर्षांपूर्वीच्या, डायनोसॉरच्या मानल्या गेलेल्या हाडांतून डीएनए मिळाल्याची बातमी आली. तोही माणसाचाच निघाला. डीएनएच्या प्रती काढण्याचे तंत्र इतके संवेदनशील होते की प्रयोगशाळेत उडालेला त्वचेचा एक कणही ‘शोध’ ठरू शकत होता.

शाखा तरली ती या नामुष्कीतून आलेल्या कमालीच्या संशयखोरपणामुळे. आजच्या प्रयोगशाळेत हाडाला हात लावण्याआधी संशोधक डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला पोशाख, मुखपट्टी आणि हातमोज्यांचे दोन थर चढवतो; खोलीतली हवा गाळून घेतलेली असते, टेबले ब्लीचने पुसलेली आणि रात्रभर अतिनील दिव्याखाली ठेवलेली असतात. १९९७ मध्ये पेबो यांच्या गटाने निअँडरथल या नामशेष मानवाचा पहिला डीएनए जाहीर केला, तेव्हा अमेरिकेतील दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच क्रम स्वतंत्रपणे मिळाल्यावरच निबंध छापायला दिला. तो तुकडा जेमतेम ३७९ अक्षरांचा होता आणि पेशीकेंद्रातला नव्हे तर तंतुकणिकेतला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला) होता. हाड होते १८५६ मध्ये जर्मनीच्या निअँडर खोऱ्यातील चुनखडीच्या खाणीत सापडलेल्या मूळ सांगाड्याचे.

हाडापासून अक्षरांपर्यंत. सगळी हाडे सारखी नसतात. आंतरकर्णाला वेढणारा शंखास्थीचा भाग शरीरात सर्वांत घट्ट असतो, आणि त्यात इतर हाडांच्या कितीतरी पट डीएनए टिकतो हे २०१४-१५ च्या सुमारास स्पष्ट झाले. या एका निरीक्षणामुळे उष्ण देशांचे दरवाजे काही प्रमाणात उघडले. भोक पाडून काढलेली सुमारे पन्नास मिलिग्रॅम भुकटी एका नमुन्याला पुरते. मात्र तिच्यातला बहुतेक डीएनए मातीतल्या जिवाणूंचा असतो. माणसाचा वाटा कित्येकदा एक टक्काही नसतो.

येथून पुढे काम संगणकाचे. एखाद्या पोथीचे कोट्यवधी कपटे दुसऱ्या प्रतीवर ठेवून जागच्या जागी बसवावेत, तसे हे तुकडे आधुनिक मानवी जीनोमवर बसवले जातात. यात एक खोच आहे : आधुनिक संदर्भाशी जुळणारे तुकडे सहज बसतात, न जुळणारे गळून पडतात, त्यामुळे प्राचीन माणूस आहे त्यापेक्षा आपल्यासारखा दिसू लागतो. हा कल दुरुस्त करण्याच्या पद्धती हा संगणनाचा स्वतंत्र विषय झाला आहे. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी बरेच गट संपूर्ण जीनोमऐवजी माणसामाणसांत फरक दाखवणाऱ्या सुमारे १२ लाख ठरावीक जागाच वाचतात. अशा रीतीने २०२२ अखेरपर्यंत दहा हजारांहून अधिक प्राचीन माणसांचा जनुकीय तपशील प्रसिद्ध झाला. त्यात युरोप व आसपासच्या थंड प्रदेशांचा वाटा फार मोठा आहे.

नामशेष नातेवाईक. क्रोएशियातील विंदिया गुहेतल्या तीन हाडांवरून निअँडरथल जीनोमचा कच्चा मसुदा २०१० मध्ये तयार झाला. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत निअँडरथल वारशाचा थोडासा अंश आहे, हे त्यातून कळले. याआधी पेबो यांचीही अपेक्षा तशी नव्हती. त्याच वर्षी सायबेरियाच्या अल्ताई पर्वतातील डेनिसोवा गुहेतल्या बोटाच्या एका छोट्या हाडावरून डेनिसोवन हा मानवाचा एक पूर्णपणे नवा गट उजेडात आला. कवटी नाही, सांगाडा नाही, केवळ डीएनएवरून ओळखला गेलेला हा पहिला मानवगट. त्याच गुहेतल्या दुसऱ्या एका हाडाच्या तुकड्याने २०१८ मध्ये आणखी चकित केले : सुमारे नव्वद हजार वर्षांपूर्वीच्या त्या मुलीची आई निअँडरथल आणि बाप डेनिसोवन होता.

डेनिसोवनांचा चेहरा दिसायला २०२५ उजाडावे लागले. चीनमधील हार्बिन येथे १९३३ मध्ये पूल बांधताना एक कवटी सापडली, असे सांगतात. सापडणाऱ्याने ती विहिरीत लपवली आणि २०१८ मध्ये त्याच्या वारसांकरवी ती संशोधकांच्या हाती आली. किमान १ लाख ४६ हजार वर्षांपूर्वीच्या या कवटीच्या हाडात डीएनए नव्हता. तो एकुलत्या एका दातावरच्या किटणात मिळाला आणि कवटी डेनिसोवन असल्याचे ठरले.

हा वारसा केवळ कुतूहलाचा नाही. तिबेटी लोकांना विरळ हवेत राहण्यास मदत करणारा एका जनुकाचा प्रकार डेनिसोवनांकडून आला आहे. कोविडच्या साथीत रुग्ण गंभीर होण्याचा धोका वाढवणारा, तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे पन्नास हजार अक्षरांचा पट्टा निअँडरथलांकडून आल्याचे ह्यूगो झेबर्ग आणि पेबो यांनी २०२० मध्ये दाखवले. दक्षिण आशियात तो जवळपास निम्म्या लोकांत, युरोपात सुमारे १६ टक्क्यांत आढळतो. मात्र वय आणि इतर आजार हे घटकही त्या आजारात मोठे होते, त्यामुळे या एका पट्ट्यावर सगळे खापर फोडता येत नाही.

प्लेगचा माग. रोगजंतूंचा डीएनए मिळवायचा तर दाताच्या आतला भाग उत्तम, कारण तेथवर रक्तवाहिन्या पोहोचतात. लंडनमधील १३४८-४९ च्या प्लेगबळींच्या दफनभूमीतून २०११ मध्ये प्लेगच्या जिवाणूचा जीनोम मिळाला आणि युरोपची ती महासाथ प्लेगचीच होती का, हा वाद मिटला. ती सुरू कोठे झाली हा प्रश्न उरला होता. किरगिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन जुन्या ख्रिस्ती दफनभूमी उकरल्या गेल्या होत्या. तेथील सीरियाई लिपीतील ४६७ कालनिर्देशित थडग्यांपैकी ११८ केवळ १३३८ व १३३९ या दोन वर्षांची आहेत, आणि काहींवर मृत्यूचे कारण महामारी असे कोरले आहे. इतिहासकार फिलिप स्लाविन यांनी या विसंगतीकडे लक्ष वेधले. हाडे सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात होती. सात जणांचे दात तपासले, तिघांत प्लेगचा जिवाणू सापडला. तो पुढे युरोपात पसरलेल्या प्रकाराचा थेट पूर्वज ठरतो. हा निबंध २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. थडग्यावरचा मजकूर आणि दातातला रेणू एकमेकांची साक्ष देतात, असे उदाहरण या शाखेत दुसरे क्वचितच सापडेल. मुंबई-पुण्यात १८९६-९७ मध्ये थैमान घालणारा जिवाणू याच वंशातला.

भारत. उष्ण व दमट हवा हा भारतीय संशोधनापुढचा मूळ अडथळा आहे, आणि राखीगढीइतके त्याचे ठळक उदाहरण नाही. हरियाणातील या हडप्पाकालीन नगराचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली केले. तेथील ६१ नमुने तपासण्यात आले. डीएनए मिळाला तो एकाच सांगाड्यातून, एका स्त्रीच्या. तोही इतका तुटपुंजा की शंभराहून अधिक वेळा नमुना काढून यंत्रावर चालवावा लागला. तिच्या दफनात नेहमीची हडप्पा भांडी होती आणि त्यावरून तिचा काळ इ. स. पू. सुमारे २८०० ते २३०० ठरवला आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार तिचा वारसा दोन धाग्यांचा होता : इराणशी नाते सांगणारा, पण शेतीच्या उदयाआधीच वेगळा झालेला एक गट आणि दक्षिण आशियातले जुने शिकारी-संग्राहक. आर्यांच्या आगमनाच्या वादात ज्यांचे नाव घेतले जाते, त्या मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा वारसा तिच्यात नव्हता. तुर्कमेनिस्तानातील गोनुर आणि इराणमधील शहर-ए-सोख्ता येथे पूर्वी सापडलेल्या ११ ‘परक्या’ व्यक्तींशी तिचे जुळले, म्हणजे ते बहुधा सिंधू खोऱ्याकडून गेलेले लोक होते.

येथपर्यंत वाद नव्हता. तो पत्रकार परिषदेत झाला. आर्यांचे आक्रमण किंवा स्थलांतर झालेच नाही असा निष्कर्ष शिंदे यांनी मांडला आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत तोच झळकला. परंतु त्याच आठवड्यात आलेल्या दुसऱ्या निबंधात (काही लेखक दोन्हींकडे समान आहेत) ५२३ प्राचीन व्यक्तींच्या नव्या माहितीवरून असे दाखवले होते की गवताळ प्रदेशातील वारसा दक्षिण आशियात इ. स. पू. सुमारे २००० ते १५०० या काळात आला. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले तर त्यांत विसंगती नाही. त्या वारशाच्या आगमनाआधी दफन झालेल्या स्त्रीत तो असणारच नाही. तिचा जीनोम तिच्या काळापुरते बोलतो. ती कोणती भाषा बोलत होती हे कोणत्याही जनुकावरून कळत नाही. भाषेचा मुद्दा भाषाशास्त्र व पुरातत्त्व यांच्या पुराव्यांशी ताडूनच मांडावा लागतो. एका नमुन्यावर एवढा भार टाकणे हेच मुळात धोक्याचे.

उत्तराखंडमधील रूपकुंडाच्या थंडीने याउलट भरपूर दिले. त्या तळ्याकाठी विखुरलेल्या सांगाड्यांपैकी ३८ जणांचा डीएनए २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हैदराबाद, लखनौ आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधक त्यात होते. एकाच गारपिटीत सगळे दगावले ही लोकप्रिय समजूत त्याने मोडीत काढली. २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे असून इ. स. ८०० च्या सुमारास मेले. १४ जणांचे नाते पूर्व भूमध्य प्रदेशाशी, तेही सुमारे १८०० च्या आसपासचे. एकाचे आग्नेय आशियाशी. भूमध्याकडचे लोक पाच हजार मीटरवरच्या तळ्याशी कशासाठी गेले, याचे उत्तर डीएनए देत नाही.

मर्यादा व वाद. प्रत्येक चाचणीत हाडाचा काही भाग कायमचा नष्ट होतो, त्यामुळे परवानगी कोणी द्यायची हा प्रश्न तीव्र आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये सापडलेल्या केनेविक मानव या प्राचीन सांगाड्यावर स्थानिक जमातींनी हक्क सांगितला होता. न्यायालयाने अवशेष संशोधकांकडे ठेवले. २०१५ मध्ये त्याच संशोधनातून तो आजच्या मूळ अमेरिकनांचा जवळचा नातलग ठरला आणि २०१७ मध्ये जमातींनी त्याचे दफन केले. दुसरीकडे, उष्णतेपुढे डीएनए हरतो तेथे प्रथिने अधिक टिकतात. तैवानजवळ समुद्रतळातून निघालेला एक जबडा २०२५ मध्ये केवळ प्रथिनांवरून डेनिसोवन पुरुषाचा असल्याचे ठरले. भारतासारख्या हवामानात ही वाट अधिक उपयोगी पडण्याची शक्यता आहे, मात्र प्रथिनांत डीएनएच्या तुलनेत माहिती फारच थोडी असते : लिंग आणि मानवगट कळू शकतो, नात्यागोत्याचे धागेदोरे नाहीत.