क्लच नेमका कुठे पकडतो?

क्लचचं पेडल तळापर्यंत दाबलं की पाय साधारण १४ सेंटिमीटर खाली जातो. त्याच वेळी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली प्रेशर प्लेट, म्हणजे क्लचप्लेटला दाबून धरून इंजिनची ताकद पुढे जाऊ देणारी तबकडी, सरकते ती जेमतेम २ मिलिमीटर. स्पोर्ट्स कार चालवणारे 'जड क्लच', 'खाली पकडणारा क्लच', 'एकदम उचलणारा क्लच' असं जे काही बोलतात, ते सगळं या १४ सेंटिमीटर आणि २ मिलिमीटरच्या मध्ये काय काय बसवलंय त्यावर ठरतं. त्यातलं थोडंसंच आपल्याला पाना घेऊन बदलता येतं. पण तेवढं नीट जमलं तर गाडी वेगळीच वाटते, हे मी अनुभवलं आहे.

आधी हिशेब मांडू. पेडल ही एक तरफ आहे. आपला पाय जिथे टेकतो ते टोक लांब, आणि मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या जोरानं ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याचा) पुशरॉड जिथे अडकवलाय ते टोक आखूड. हे गुणोत्तर ६ च्या आसपास धरा. मास्टर सिलिंडरचा व्यास १५.९ मिमी आणि त्या ऑइलचा दाब झेलणाऱ्या खालच्या स्लेव्ह सिलिंडरचा १९ मिमी असेल, तर क्षेत्रफळांच्या फरकामुळे जोर आणखी १.४ पट होतो. पुढे फोर्क नावाची तरफ तो १.८ पट करते, आणि शेवटी प्रेशर प्लेटला दाबून धरणाऱ्या डायाफ्राम स्प्रिंगच्या पाकळ्या ४ पट. सगळ्यांचा गुणाकार साठाच्या घरात जातो. पायानं १० किलो वजनाइतका, म्हणजे साधारण १०० न्यूटन जोर दिला की तिकडे ६,००० न्यूटन मिळतात. पण जोर साठ पट झाला तर अंतर साठ पट कमी होणारच. १२ सेंटिमीटरचे २ मिलिमीटर होतात. उरलेले २ सेंटिमीटर सुरुवातीच्या मोकळ्या प्लेमध्ये, म्हणजे पायाला काहीच लागत नाही त्या अंतरात, आणि शेवटी राखून ठेवलेल्या जादा हालचालीत जातात.

म्हणून 'पेडल हलकंही हवं आणि थोडंसंच दाबावं लागायला हवं' ही मागणी बाहेरून मदत घेतल्याशिवाय पुरी होत नाही. जोर गुणिले अंतर म्हणजे काम, आणि ते काम पायालाच करावं लागतं. मोठा मास्टर सिलिंडर बसवला की पेडलचा प्रवास कमी होतो, पण पाय दुखतो. लहान बसवला तर पेडल लोण्यासारखं जातं, पण तळाला टेकलं तरी प्लेट पुरती सुटत नाही.

दाबताना पेडल आधी जड आणि मग हलकं का लागतं? कारण डायाफ्राम स्प्रिंग साध्या स्प्रिंगसारखी वागत नाही. ती पोलादाची उथळ बशी असते. फ्रान्समधल्या ज्यूलियाँ बेलव्हिल यांनी १८६७ साली अशा बशीच्या आकाराच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं, आणि आजच्या क्लचमधली स्प्रिंग त्याच घराण्यातली. डब्याचं फुगीर पत्र्याचं झाकण अंगठ्यानं दाबून पाहा. आधी ते विरोध करतं, मग एका क्षणी विरोध ढासळतो आणि झाकण टकन आत जातं. डायाफ्राम स्प्रिंग तितकी टोकाला जात नाही, पण तिचाही विरोध एका शिखरापर्यंत चढतो आणि मग उतरतो. क्लचप्लेट झिजत जाते तशी ही बशी आपली बैठक बदलते आणि त्या शिखराकडे सरकते. जुन्या गाडीचा क्लच 'घट्ट झालाय' अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा केबलला तेल नसणं हे कारण नसतं. प्लेट झिजल्याचीच ती खूण असते.

आता क्लच जिथे पकडतो त्या जागेकडे येऊ. इंग्रजीवरून आपण तिला 'बाइट पॉइंट' म्हणतो, पण तो बिंदू नाही, पट्टा आहे. क्लचप्लेटच्या दोन्ही बाजूंच्या घर्षण-अस्तरांच्या मध्ये पातळ पोलादाच्या लाटेसारख्या वळवलेल्या पट्ट्या असतात. प्रेशर प्लेट त्यांना दाबत सपाट करते तसतशी पकड वाढत जाते. हे दबणं साधारण ०.७ मिमीचं असेल, तर साठानं गुणल्यावर पेडलवर ते ४२ मिमी होतं. आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो तो हा चार सेंटिमीटरचा पट्टा. शर्यतीच्या क्लचमध्ये बऱ्याचदा या लाटा नसतात आणि अस्तरही जास्त घर्षणाचं असतं. मग पट्टा इतका आकसतो की तो दिवा लावायच्या बटणासारखा वागतो, चालू किंवा बंद. रोजच्या वापराच्या गाडीत असा क्लच बसवून पेडलच्या सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी तो सौम्य होत नाही. सेटिंगनं पट्टा वर-खाली सरकतो, रुंद होत नाही. हे एवढं लक्षात आलं की पुष्कळ वेळ आणि पैसा वाचतो.

पट्टा सरकवायचा कसा? डॅशबोर्डखाली डोकं घालून वर बघितलं की पेडलच्या दांडीला पिन लावून अडकवलेला पुशरॉड दिसतो. त्यावर लॉकनट असतो. तो सैल केला की रॉड बोटांनी किंवा पकडीनं फिरतो. रॉड लांब केला की क्लच वर पकडतो, आखूड केला की तळाजवळ. पण फिरवायचा किती? ८ मिमी जाडीच्या नेहमीच्या रॉडवर आटे १.२५ मिमी अंतरानं असतात. म्हणजे अर्धा फेरा ०.६ मिमीपेक्षा किंचित जास्त. पेडलच्या सहापट तरफेमुळे पायाला तो जवळजवळ ४ मिमी जाणवतो. चार सेंटिमीटरच्या पट्ट्यासाठी हे कमी नाही. म्हणून अर्धा फेरा, मग गाडी चालवून पाहणं, मग पुन्हा अर्धा. त्याहून मोठी पावलं टाकू नयेत. पेडलची उंची ठरवणारा वेगळा बोल्ट असेल तर आधी तो लावायचा, मग पुशरॉड. उलटं केलं तर पहिलं सेटिंग दुसऱ्यानं बिघडतं.

रॉड फार आखूड झाला तर प्लेट पूर्ण सुटत नाही. ते लगेच कळतं. पेडल तळाला दाबून दोन-तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखर झाली तर क्लच अजून ओढतोय. अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी वेग जुळवून घेणारा भाग) नसतो, म्हणून तो गिअर हे खरं सांगून टाकतो.

रॉड फार लांब झाला तर मात्र लगेच काहीच कळत नाही, आणि तिथेच धोका आहे. मास्टर सिलिंडरमध्ये वरच्या टाकीकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण वर असताना पिस्टनचं रबरी सील या छिद्राच्या मागे यायला हवं, म्हणजे गरम होऊन फुगलेलं ऑइल टाकीत परत जाऊ शकतं. पुशरॉड पिस्टनला किंचित पुढे रेटून बसला तर छिद्र बंदच राहतं. मी एकदा नेमकं हेच केलं होतं. क्लच छान वर पकडत होता, पहिले काही किलोमीटर गाडी झकास चालली. मग लांब चढावर इंजिनचे आरपीएम वाढले आणि वेग तिथेच राहिला. गिअरबॉक्सच्या उष्णतेनं ऑइल फुगलं होतं, त्याला परतायला वाट नव्हती, आणि ते माझ्याऐवजी क्लच दाबत होतं. गाडी बाजूला घेऊन गार होऊ दिली आणि रॉड पाऊण फेरा मागे घेतला, तेव्हा कुठे क्लच पुन्हा नीट धरू लागला. पेडलच्या सुरुवातीचे ते काही मिलिमीटर, ज्यात पायाला काहीच लागत नाही, ते ढिलेपण नाही. ते सीलसाठी राखलेलं अंतर आहे. त्याला हात लावायचा नाही.

अशा ऑइलवर चालणाऱ्या, म्हणजे हायड्रॉलिक क्लचमध्ये प्लेट झिजली तरी पकडण्याची जागा फारशी हलत नाही, कारण स्लेव्हचा पिस्टन आपोआप मागे सरकतो. केबलच्या क्लचमध्ये ती वर सरकत जाते. त्यामुळे हायड्रॉलिक गाडीत क्लच अचानक तळाशी पकडू लागला तर पुशरॉडला हात लावण्याआधी गळती आणि हवा शोधा. ऑइल दबत नाही, हवा दबते. शिवाय या क्लचमध्ये असतं ते ग्लायकॉलवर आधारलेलं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. पाणी मुरलेल्या अवस्थेत हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल बदलून हवा काढली एवढ्यानं बऱ्याच गाड्यांचं पेडल सुधारतं. माझ्या मते कोणत्याही सेटिंगच्या आधी हेच करावं.

आता 'फील'बद्दल. पेडल हलकं असणं आणि स्पष्ट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली दाखवलं की आपल्याला फरक जाणवतो तो मूळ भाराच्या प्रमाणात. पेडल खूप जड असेल तर पकड सुरू झाल्याचा बारीक बदल त्या जडपणात बुडून जातो. पण अतिशय हलकं करण्यासाठी मध्ये मदतनीस घातले तरी संदेश बिघडतो. टोयोटा जीटी-८६ आणि तिची जुळी सुबारू बीआरझेड यांच्या पेडलला एक मदतीची स्प्रिंग आहे. ती सुरुवातीला पेडल वर ढकलते आणि मधला टप्पा ओलांडला की खाली दाबायला मदत करते. त्यामुळे पायाला क्लच आणि ही स्प्रिंग दोघांची बेरीज जाणवते, आणि काही मालक तिथे सौम्य स्प्रिंग बसवतात. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीत तर ऑइलच्या वाटेत एक अरुंद व्हॉल्व्ह होता. पेडल झटकन सोडलं तरी प्लेट सावकाश बसावी हा त्याचा हेतू. गाडीला झटका बसत नाही हे खरं, पण पाय वर आलेला असतो आणि प्लेट अजून वाटेत असते. असा व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत पुशरॉड फिरवून पाय आणि प्लेट यांची वेळ जुळत नाही.

पाय हळू सोडला की क्लच कमी तापतो, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. सपाट रस्त्यावर इंजिनचे आरपीएम स्थिर धरून गाडी थांबलेल्या अवस्थेतून उचलली, तर क्लचमध्ये उष्णता होते ती गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकीच, पाय हळू सोडा की भराभर. १,३०० किलोची गाडी १,६०० आरपीएमवर उचलून क्लच १४ किमी वेगाला पूर्ण बसला, तर सुमारे १० किलोज्यूल. तीच ६,००० आरपीएमवर उचलून ५४ किमी वेगाला बसला, तर जवळपास १४६ किलोज्यूल. एका उचलीत चौदा पट. फरक पडतो तो आरपीएमनं. आणि कमी आरपीएमवर इंजिन बंद न पाडता गाडी उचलायची असेल तर तो चार सेंटिमीटरचा पट्टा पायाच्या सोयीच्या जागी हवा. म्हणजे टाच जमिनीवर टेकलेली असताना घोट्याच्या हालचालीत मावेल इतका खाली, आणि रिव्हर्स खरखर न करता पडेल इतका वर. स्पोर्ट्स कारमध्ये बैठक खोल असते आणि पाय जवळजवळ आडवे असतात. क्लच फार वर पकडत असेल तर गुडघा उचलावा लागतो, आणि मांडीच्या मोठ्या स्नायूंना घोट्याइतकं बारीक काम जमत नाही.

जागा सापडली की लॉकनट आवळा. रॉड सोबत फिरू नये म्हणून तो दुसऱ्या पान्यानं धरून ठेवा. मग अर्धा तास गाडी चालवा, इंजिन आणि गिअरबॉक्स चांगले तापू द्या, आणि पेडलवर फक्त बोट ठेवून सुरुवातीचा मोकळा प्ले पुन्हा तपासा. गार गाडीत होता तितकाच तो गरम गाडीतही जाणवला पाहिजे.