शेताला हवं ते कारखान्याला नको

पुण्याने खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी प्यायचं आणि बदल्यात वर्षाला 6.5 टीएमसी शुद्ध केलेलं सांडपाणी शेतीला द्यायचं, असा महापालिका आणि जलसंपदा विभाग यांच्यातला व्यवहार आहे. त्यासाठी मुंढव्याला नदीकाठी जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसून घेणारी विहीर, असा प्रकल्प उभा राहिला. तिथून उचललेलं पाणी जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे सगळे ज्याला बेबी कॅनॉल म्हणतात त्यात पडतं आणि हवेली-दौंडच्या उसाकडे जातं.

जरा हिशेब करू. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. 6.5 टीएमसीचे रोजचे झाले 50 कोटी लिटर. शहराच्या जुन्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची मिळून क्षमता मात्र रोज सुमारे 47.7 कोटी लिटर. एक दिवसही वीज न जाता सगळी केंद्रं चालली, तरी तूट राहतेच. ती नदी भरून काढते, आणि नदीत काय वाहतं हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून आखलेल्या 11 नव्या केंद्रांमुळे यात 39.6 कोटी लिटरची भर पडायची आहे. पण केंद्रात स्वच्छ झालेलं पाणी नदीत सोडायचं, नाल्यांच्या मैल्यात मिसळू द्यायचं आणि मग खाली मुंढव्याला उचलायचं, हा मार्ग बदलला नाही तर नव्या केंद्रांचा निम्मा फायदा वाटेतच जाईल, असं माझं मत आहे.

आता 'स्वच्छ' म्हणजे नेमकं किती स्वच्छ? जाळ्या आणि गाळाच्या टाक्यांतून पुढे आलेल्या मैलापाण्यात हवा फुंकतात. त्या ऑक्सिजनवर जिवाणू पोसतात, सेंद्रिय घाण खातात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. केंद्राच्या विजेतला साधारण निम्मा वाटा या हवेवरच जातो. (बिल वाचवायला रात्री हवा फुंकणारे ब्लोअर बंद ठेवणाऱ्या सोसायट्यांच्या एसटीपीला, म्हणजे छोट्या शुद्धीकरण केंद्राला, वास का येतो, याचं उत्तर इथेच आहे: जिवाणू गुदमरतात.) पुढे गाळणी, मग क्लोरीन किंवा अतिनील किरणं. या सगळ्यातून घाण आणि बरेचसे रोगजंतू जातात. विरघळलेले क्षार जवळपास तसेच राहतात आणि नत्र-स्फुरदही काही प्रमाणात उरतं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हे नत्र म्हणजे खतच. लिटरला 10 मिलिग्रॅम नत्र असलेलं पाणी उसाला हेक्टरी 2 कोटी लिटर दिलं, तर त्यातून 200 किलो नत्र शेतात जातं. सुरू हंगामातल्या उसाची शिफारसच हेक्टरी 250 किलोची आहे. पाण्यातलं सगळं नत्र पिकाला लागू पडत नाही हे खरं, पण ते हिशेबात न धरता युरियाच्या गोण्या नेहमीइतक्याच टाकल्या तर ऊस माजतो, लोळतो आणि साखरेचा उतारा घटतो. खताला तोडणीआधी थांबवता येतं, पाटाच्या पाण्यातलं नत्र मात्र शेवटच्या पाळीपर्यंत येत राहतं. शेतात न मुरलेलं नत्र-स्फुरद शेवटी भीमेतून उजनी धरणात पोचतं आणि तिथे जलपर्णी पोसतं.

क्षारांचं दुखणं याहून चिवट. साबण, मीठ, डिटर्जंट यांतला सोडियम काळ्या जमिनीच्या चिकणमातीचे कण सुटे करतो, छिद्रं बुजतात आणि पाणी मुरेनासं होतं. चोपण जमीन होते ती अशी. पाण्यात क्षार किती हे त्याच्या विद्युत वाहकतेवरून कळतं. ती 0.7 डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असलेलं पाणी क्षारांच्या दृष्टीने निर्धोक मानतात. 3 च्या वर धोका मोठा. हे मोजायचं यंत्र हातात मावतं. कॅनॉलच्या प्रत्येक आवर्तनाचा हा आकडा गावात फळ्यावर लागायला काहीच हरकत नसावी. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी आणखी एक अट: जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये 100 मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची मर्यादा 1,000 ठेवली होती. म्हणून कोथिंबीर-पालकापेक्षा ऊस बरा.

कारखान्यात हिशेब उलटा होतो. कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहून दाट होत जातात. उसाला हवं असलेलं स्फुरद इथे कॅल्शियमशी जुळून नळ्यांत थर धरतं, अमोनिया पितळ कुरतडतो आणि उरलेल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढतं. नागपूरच्या भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेही वाढीव प्रक्रिया करूनच. चेन्नईने 2019 मध्ये रोज प्रत्येकी 4.5 कोटी लिटरचे दोन प्रकल्प सुरू केले, त्यात आरओपर्यंत, म्हणजे दाबाने पडद्यातून क्षार गाळण्यापर्यंत, मजल मारली. पण आरओमध्ये 100 लिटरमागे 25-एक लिटर दाट खारं पाणी उरतं. समुद्रकाठच्या शहराला निदान समुद्र तरी आहे. पुण्याचं खारं पाणी जाणार कुठे? उजनीतच.

म्हणून सरसकट आरओ बसवण्याआधी त्याविना भागणारी गिऱ्हाइकं शोधावीत. बांधकामाचं पाणी हे सोपं उदाहरण: आयएस 456 या मानकानुसार सळईच्या काँक्रीटला पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. बागा आणि फ्लशच्या टाक्या यांचीही गरज बेताची. चाकण आणि रांजणगावचे कारखाने मोठे ग्राहक खरे, पण लांब. तिथवर पाणी रेटायला पंपांची वीज लागणार. खराडी आणि मुंढव्याची केंद्रं मात्र आयटी पार्क आणि हडपसरच्या कारखान्यांच्या शेजारीच आहेत. पहिली वेगळी पाइपलाइन तिथेच टाकावी, आणि दुसरी थेट केंद्रातून बेबी कॅनॉलपर्यंत, मधे नदी न आणता.