सवय जडणे (मानसशास्त्र)

ठरावीक प्रसंगी एकच कृती पुनःपुन्हा केल्यावर, तो प्रसंग आला की ती विचार न करता होऊ लागणे. मराठीत याला ‘अंगवळणी पडणे’ म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच आपल्या ग्रंथात सवयीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले होते. मेंदूत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया या भागाचा सवयींशी निकटचा संबंध आहे.

‘सवय लागायला २१ दिवस पुरतात’ हा समज फार पसरलेला आहे. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात सापडते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा आपलासा वाटायला निदान २१ दिवस लागतात, एवढेच त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘निदान’ पुढे गळला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. २०१० च्या त्यांच्या शोधनिबंधात ९६ जणांची १२ आठवड्यांची नोंद आहे. प्रत्येकाने जेवणासोबत फळ खाणे, जेवणाआधी धावणे असे एखादे काम निवडून ते दिवसातल्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडले. कृती अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस निघाला; मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६. यातला २५४ हा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे, कारण अभ्यास ८४ दिवसांतच संपला होता. सुरुवातीच्या दिवसांत प्रगती झपाट्याने होते, मग मंदावते. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही.

स्वयंशिस्त म्हणजे मन मारणे, ही कल्पना आता मागे पडते आहे. संयम वापरून संपतो, असे मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांच्या गटाने १९९८ मध्ये मांडले. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत तो परिणाम जवळजवळ शून्य आला. शिस्तीची वाटणारी माणसे मोहाशी कमी झगडतात, कारण त्यांच्या सवयी आधीच बसलेल्या असतात. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची ‘अमुक झाले की तमुक करीन’ ही आखणी म्हणूनच नुसत्या संकल्पापेक्षा कामाची ठरते.

नेम मात्र सवयीहून वेगळा. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारा चार महिने तो आठवणीने पाळतो. कार्तिकी एकादशी उलटली की कांदा पुन्हा पानात.