पार्श्वभूमी : नाताळच्या भेटीतली पॉपुरीची बरणी

डिसेंबर लागला की मुंबईतल्या ऑफिसांत सीक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या फिरतात आणि पाचशेच्या आत काय द्यायचं हा प्रश्न पडतो. अलीकडे त्याला एक हमखास उत्तर मिळालंय. काचेची बरणी, तिच्यात वाळवलेल्या मोसंबीच्या चकत्या, दालचिनीचे तुकडे, लवंगा, चक्रीफूल, एखाद-दुसरं तमालपत्र आणि मानेला सुतळीने बांधलेली कृतीची चिठ्ठी. मूठभर मिश्रण पाण्यात टाकायचं, मंद आचेवर ठेवायचं, घर दरवळतं. ही पॉपुरी आता दादर-पार्ल्यातल्या घरांतूनही बनते. ती काचेच्याच बरणीत का येते, वाळवलेलीच का असते, याला कारणं आहेत आणि त्यातली बरीचशी इथलीच आहेत.

युरोपातला भाग थोडक्यात उरकता येईल. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये गुलाबाच्या अर्धवट सुकलेल्या पाकळ्या मिठाच्या थरांत आठवडेच्या आठवडे मुरवत, अगदी आपल्या लोणच्यासारख्या. वास उत्तम, रूप कळकट, म्हणून ते भोकाभोकांच्या झाकणाच्या चिनी मातीच्या भांड्यात दडवून ठेवायचे. पुढे इंग्लंडात कोरडी, वाडग्यात दिसेल अशी पॉपुरी रुळली. यात विस्तव कुठेच नव्हता. पाण्यात टाकून तापवायची टूम मोठ्या प्रमाणावर पसरली ती अमेरिकेत, १९८० च्या दशकात, विजेवर चालणाऱ्या छोट्या भांड्यांमुळे. भांडं गेलं, पद्धत राहिली आणि ती गॅसच्या शेगडीवर आली.

आपल्याकडे सुगंधाचं शास्त्र याहून कितीतरी जुनं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंधी मिश्रणं बनवण्याच्या कलेवर, स्वतंत्र अध्याय आहे आणि १६ द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० मिश्रणं होतात, हा हिशेबही तिथे मांडलेला आहे. पण आपली घरगुती रीत मुख्यतः धुराची: ऊद, लोबान, धूप, बाळ-बाळंतिणीला शेक-धुरी. वाफेची गोष्ट निराळी. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड या वास देणाऱ्या द्रव्यांचा उत्कलनबिंदू २४० अंशांच्या वर, तरी पाण्याच्या वाफेसोबत ते १०० अंशांच्या आतच बाहेर पडतात. अत्तराच्या भट्टीतही हेच घडतं. फळाच्या सालीतलं लिमोनिन त्याहून चंचल. म्हणून भांडं तापताच आधी मोसंबी जाणवते आणि थोड्या वेळाने तिथे दालचिनी-लवंगच उरते. धुराचा ठसका नाही, पडदे-कपाटं काळवंडत नाहीत. वन-बीएचकेच्या बंद खिडक्यांत ही बाब लहान नाही.

मुंबईत याला पूर्वज शोधायचाच तर तो मासळीच्या घरात सापडतो. बोंबील तळून झाले की लिंबाची सालं आणि दोन लवंगा पाण्यात उकळत ठेवायच्या. याला कुणी नाव दिलं नाही आणि बरणीत भरून भेटही दिली नाही. भेटीची रीत आली ती फराळाच्या ताटातून. वांद्र्याच्या गावठाणांत, गोराई-उत्तनला, वसईत नाताळला नेवऱ्या, कलकल आणि दुधाच्या वड्यांचं ताट शेजारी जातं. दिवाळीला चकल्या-करंज्यांचं ताट उलट दिशेने आलेलं असतं. वास भेट द्यायचीही सवय होतीच: उटणं. नागरमोथा, वाळा, कचोरा, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची वाळवलेली साल ही यादी पॉपुरीच्या बरणीपासून फार लांब नाही. बचत गटांच्या बायका उटण्याच्या पुड्या भरतच होत्या. त्यातल्या काहींनी पुढे डिसेंबरसाठी दुसरं मिश्रण भरायला घेतलं, इतकंच.

मधल्या काळात एक वेगळीच पॉपुरी येऊन गेली. नव्वदच्या दशकापासून गिफ्टच्या दुकानांत जांभळ्या-हिरव्या रंगात बुडवलेल्या शेंगा, लाकडाची टरफलं आणि कमळाची सुकी बोंडं चकचकीत पाकिटांत मिळू लागली. तो माल उकळायचा नव्हता, बैठकीच्या खोलीत वाडग्यात ठेवायचा होता. गंमत अशी की जगभरच्या पॉपुरीला लागणारी सुकी फुलं आणि शेंगा तुतिकोरीन आणि कोलकात्याहून परदेशी जात असत. आपल्याच शेंगा, वर फवारलेला वास मात्र प्रयोगशाळेतला. दोन महिन्यांत वास उडायचा आणि वाडगा धूळ खात राहायचा. त्या अनुभवाने ‘पॉपुरी’ म्हटलं की नाक मुरडणारी एक पिढी तयार झाली. घरी केलेल्या बरणीला आधी ते मत पुसावं लागलं.

बरणीला आजचं रूप मिळालं ते मात्र, माझ्या मते, एका सरकारी निर्णयाने. तो सुगंधाविषयी नव्हताच.

मुंबईची हवा सुक्या मालाची वैरीण. डिसेंबरातही समुद्रावरून ओल येते. वाळवलेली चकती दोन दिवस उघडी राहिली की मऊ पडते, आठवड्यात तिच्यावर बुरशीचा करडा ठिपका उमटतो. त्यामुळे घरगुती माल भरणारे पूर्वी सरळ पारदर्शक पिशवी घ्यायचे, तोंड मशीनने चिकटवायचे, वर रिबन. दुकानदार तिला सेलोफेन म्हणतात. खरा सेलोफेन लाकडाच्या लगद्यातून येतो, ही पिशवी बहुतेक वेळा पॉलीप्रॉपिलीनची असते. स्वस्त, हलकी, आतला माल दाखवणारी.

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर नाले तुंबवण्यात पिशव्यांचा हात असल्याची चर्चा झाली आणि राज्याच्या २००६ च्या नियमांनी ५० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशव्या बंद केल्या. कागदावर. अंमलबजावणी कशी झाली हे प्रत्येक भाजीवाल्याला ठाऊक आहे. राज्य सरकारची २३ मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना आली ती जास्त धारदार. पिशव्या, थर्माकोलच्या थाळ्या, एकदाच वापरायचे पेले, वेष्टनं यांचं उत्पादन आणि विक्री तर बंद झालीच, साठवण आणि वापरही बंद. पहिल्यांदा सापडल्यास ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती द्यायला नकार दिला. मुदत २३ जूनपर्यंत वाढली आणि त्या दिवसापासून महापालिकेची निळ्या जाकिटातली पथकं बाजारात फिरू लागली.

हेतूबद्दल वाद नाही. वाद होता तो रेषेबद्दल. उत्पादनाच्या टप्प्यावरच केलेल्या वेष्टनाला अधिसूचनेत सूट होती. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेलं वेफर्सचं पाकीट चाललं असतं, पण वाण्याने पोत्यातून काढून पिशवीत बांधलेली पाव किलो डाळ नाही. व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि आठवडाही उलटला नाही तोच किराणा दुकानदारांना ५० मायक्रॉनहून जाड वेष्टनाची मुभा मिळाली, ते परत विकत घेण्याच्या अटीवर. गणपतीच्या थर्माकोलच्या मखरांवरून वेगळा गोंधळ झाला, तो इथे नको.

स्वयंपाकघरात ओट्यावर लवंगा मोजून पिशवीत भरणाऱ्या बाईचं काय, हे कुणी सांगितलं नाही. ती उत्पादक धरायची? मग तिचं वेष्टन उत्पादनाच्या जागीच झालेलं, म्हणजे सूट हवी. पण सूट मिळायला जी परवानगी, जो छापील मजकूर, जी पुनर्चक्रणाची हमी लागते, ती पन्नास पाकिटं भरणाऱ्या घराकडे कुठून येणार? ती किरकोळ विक्रेती धरायची? तर मुभा किराणा मालाला, आणि पॉपुरी खाण्याची वस्तूच नाही. विकायची नाही, नुसती भेट द्यायची म्हटलं तरी ‘वापर’ हा शब्द अधिसूचनेत होताच. शिथिलीकरण झालं ते ज्यांच्या संघटना होत्या त्यांच्यासाठी. ज्यांचं दुकान म्हणजे जेवणाचं टेबल, त्यांच्यासाठी अवाक्षर नाही. पथकं घरोघरी फिरत नव्हती हे खरं. पण डिसेंबरच्या प्रदर्शनात टेबल लावायचं तर सभागृहवालेच दारात ‘प्लास्टिक नको’ म्हणून बजावायचे, आणि दंडाचा आकडा सगळ्या टेबलाच्या नफ्याहून मोठा होता.

बंदीच्या बाजूने बोलणारे म्हणतील, आणि ते बरोबरही आहे, की काच आली ती यामुळेच. कापडी पोटली लोकांनी करून पाहिली. दिसायला देखणी, पण ओल थेट आत. कागदाची पुडीही तशीच. उरली झाकणाची बरणी: हवाबंद, माल दिसतो, रिकामी झाली की त्यात मेतकूट राहतं. फक्त खर्चाचं गणित उलटं झालं. आतल्या मालापेक्षा बरणी महाग पडू लागली आणि शिफ्ट संपवून लोकलने घरी नेताना तिचं वजन हाताला कळू लागलं. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तू बंद झाल्या. त्यात मिठाईच्या खोक्यांवरची आणि निमंत्रणपत्रिकांवरची प्लास्टिकची झिल्लीही होती. भेटवस्तू गुंडाळणाऱ्यांचा उरलासुरला पर्यायही गेला.

या दोन बंद्यांच्या मधे करोनाचं २०२० आलं. मार्चअखेरीस केंद्राच्या एका खात्याने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुकांचा काढा प्यायचा सल्ला दिला आणि घराघरांत दालचिनीचं पातेलं मंद आचेवर बसलं. जूनमध्ये वास आणि चव जाणं हे अधिकृत लक्षणांच्या यादीत आलं. वास येतोय ना, हे लोक रोज सकाळी तपासू लागले. समाजमाध्यमांवर परदेशी घरांतली फळं-मसाल्यांची भांडी दिसत होतीच. तोपर्यंत इथे त्या भांड्याला वेगळं शिकवावं लागेल असं काही उरलं नव्हतं. पण काढ्याने एक अडचणही करून ठेवली. दालचिनीचा वास आला की घरातली वडीलधारी मंडळी अजूनही विचारतात, “कुणाला सर्दी झालीय?” आणि गाळून प्यायलाही निघतात. म्हणून आता बहुतेक चिठ्ठ्यांवर पहिली ओळ असते: हे पिण्यासाठी नाही. चकत्यांवर किंवा लवंगांवर तेलाचे थेंब टाकले असतील तर ती ओळ मोठ्या अक्षरांत हवी.

तेलाचं खूळ मला पटत नाही. परदेशी बाजारात पाण्यात टाकायचा जो पातळ अर्क मिळतो, त्यात सुगंधी तेलं आणि ती पाण्यात मिसळावीत म्हणून साबणासारखं द्रव्य असतं. मांजराने ते चाटलं तर जीभ आणि घसा भाजतो, हे पशुवैद्यांना चांगलं ठाऊक आहे. ज्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर एक बोका फिरतो, तिथे असा अर्क ओट्यावर उघडा ठेवणं शहाणपणाचं नाही. मसाला ताजा असेल तर तेल लागतही नाही.

मसाल्याची खरेदी लालबागच्या मसाला गल्लीत किंवा मस्जिद बंदरला. घाऊक व्यापार नव्वदच्या दशकात वाशीला गेला, किरकोळ दुकानं राहिली. “सिलोन देऊ का जाडी?” असं दुकानदार विचारतो. सिलोनची दालचिनी पापुद्र्यापापुद्र्यांची, वासाला मवाळ. जाडी साल म्हणजे कॅसिया, निम्म्याहून स्वस्त आणि वासाला तिखट. खाण्यासाठी कॅसियातल्या कूमॅरिन या यकृताला त्रासदायक ठरू शकणाऱ्या द्रव्यावरून युरोपात बरेच वाद झाले, पण भांड्यात उकळायला जाडीच बरी. ती तासभर टिकते. लवंगेचा एक जुना किस्सा याच बाजाराचा. पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटाच्या सरकारने १९३७ मध्ये लवंगेचा व्यापार भारतीय व्यापाऱ्यांच्या हातून काढून एका संघाला दिला, तेव्हा इकडे झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला गेला आणि १९३८ मध्ये तडजोड झाली. तेवढा काळ लवंग हा राजकीय माल होता.

फळाच्या बाबतीत चाचपडणं बरंच झालं. नागपुरी संत्रं डिसेंबरात मुबलक, पण त्याची साल सैल. चकती कापली की साल एकीकडे, फोडी एकीकडे. मोसंबीची साल गराला घट्ट धरून असते, म्हणून चकत्या तिच्या. अर्धा सेंटिमीटर जाडी, बिया टोचून काढायच्या, कापडाने दोन्हीकडून टिपायचं आणि ओव्हनमध्ये १०० अंशांना तीन-चार तास, मधे एकदा उलटून. झालं की नाही हे गरावरून कळत नाही. सालीच्या आतली पांढरी कड नखाने दाबायची. नख रुतलं तर अजून ओल आहे. तशीच बरणी बंद केली तर चौथ्या दिवशी काचेला आतून धुकं धरतं आणि सगळा मसाला वाया जातो. संत्र्याची सालं वेगळी वाळवून चुरून घातली तर चालतात.

गॅसचा आक्षेप मात्र अजून मिटलेला नाही. वासासाठी दोन तास शेगडी चालू ठेवणं बऱ्याच घरांत उधळपट्टीच वाटते, आणि पाणी आटून पातेलं करपण्याची भीती खरी आहे. त्यामुळे चिठ्ठीत ‘अर्ध्या तासाने पाणी घाला, घराबाहेर जाताना बंद करा’ हे येतं. काही जण आता पणतीवर ठेवायचा छोटा मातीचा वाडगाच बरणीबरोबर देतात.

यंदा बाजारात बरणीऐवजी क्राफ्ट कागदाच्या, चेन लावलेल्या पुड्या दिसताहेत. ओल आत जात नाही, कारण आतून प्लास्टिकचा थर आहे. जुलै २०२२ मध्ये राज्याने असा थर दिलेल्या कागदी थाळ्या आणि पेले बंदीत आणले. पुडीला ते लागू आहे का, यावर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दोन दुकानदारांकडून दोन उत्तरं मिळतात, आणि दोघांकडेही माल आहे.